चूक त्यांची, अक्षर माझं

आमच्या अख्ख्या एमआयडीसीत माझ्याइतकं सुंदर अक्षर कुणाचं नव्हतं. हे नम्रपणे वगैरे सांगत नाही, आहे ते सांगतेय. गोल, सुटं, एकही खाडाखोड नाही. मी लिहिलेली सुट्ट्यांची यादी नोटीस बोर्डावर लागली की शेजारच्या कंपनीतले लोक बघून जायचे. त्यामुळे दिवाळी अंकासाठी नोकरीतले गमतीचे प्रसंग लिहून द्या म्हटल्यावर मी लगेच हो म्हणाले. गमतीचे प्रसंग पुष्कळ आहेत. पण एक गोष्ट आधी लिहिल्याशिवाय बाकीच्यांना हात घालवेना, म्हणून तीच लिहिते.

नगर शहराबाहेर गाड्यांचे सुटे भाग बनवणारा आमचा कारखाना. मी टाइम ऑफिसला होते. म्हणजे गेटातून आत शिरलं की डाव्या हाताची खोली. कोण आला, कोण उशिरा आला, कुणाची रजा, कुणाचा ओव्हरटाइम, सगळं तिथे. मॅनेजरला वाटतं कारखाना तो चालवतो; पण रजा अडली की माणसं गोड बोलतात ती टाइम ऑफिसच्या बाईशी. मी कुणाच्या गोड बोलण्याला भुलणारी नव्हते. पाठीमागे मला 'फटाकडी' म्हणायचे, ते मला माहीत होतं आणि आवडायचंही.

अपघात झाला की आणखी एक काम माझ्याकडे यायचं, जबाब लिहायचं. माणसाला जीपमध्ये घालून दवाखान्यात न्यायचे आणि इकडे मी कागद काढायचे. मजकूर ठरलेला. माझ्या आधी त्या खुर्चीवर असलेल्या अण्णांनी निवृत्त होताना किल्ल्यांच्या जुडग्याबरोबर तो माझ्या हवाली केला होता. 'मी अमुक, राहणार अमुक, आज रोजी काम करीत असताना माझे लक्ष विचलित झाल्याने माझ्याच चुकीने माझ्या अमक्या अवयवास दुखापत झाली. यात कंपनीचा काही दोष नाही. माझी कंपनीविरुद्ध तक्रार नाही. जबाब वाचून पाहिला, बरोबर आहे.' खाली सही. हात बांधलेला असेल तर दुसऱ्या हाताचा अंगठा. शाईचा पॅड माझ्या पर्समध्येच असायचा, कंगव्याशेजारी.

किती लिहिले, मोजले नाहीत. स्टोअरमधल्या एकाच्या पायावर ट्रॉली गेली, तर तो म्हणे, मॅडम, माझी चूक लिहू नका, सासऱ्याच्या हाती कागद लागला तर आयुष्यभर ऐकवेल. ट्रॉलीची चूक लिहा. मी म्हटलं, ट्रॉलीला सही करता येत नाही, तुलाच करावी लागेल. खर्ड्याकडचा एक वेल्डर होता, वयस्कर. ठिणगी उडून त्याच्या दोन्ही डोळ्यांवर पट्ट्या होत्या. 'वाचून पाहिला' हे वाक्य तसंच होतं, पण तो पठ्ठ्या म्हणाला, आधी वाचून दाखवा. मी वाचलं. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, बाई, समदं झ्याक लिवलंय, पर ह्यात ठिनगी कुठं हाय? हा किस्सा मी कितीतरी वर्षं डबा खाताना सांगून लोकांना हसवलं. मीही हसायचे. आता लिहिताना कानशिलं गरम होतायत.

आता प्रेस म्हणजे काय ते सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. पत्रा साच्यात ठेवायचा, वरून लोखंडी ठोकळा जोरात खाली येतो, पत्र्याला आकार मिळतो. माणसाचा हात आत राहू नये म्हणून दोन बटणं असतात, एकमेकांपासून लांब. दोन्ही हातांनी दोन्ही बटणं दाबली तरच ठोकळा खाली येतो. म्हणजे हात बाहेर असणारच. युक्ती चांगली आहे, पण तिच्यात वेळ जातो. टार्गेट गाठायचं असेल तर एक बटण सायकलच्या ट्यूबच्या पट्टीने बांधून ठेवायचं, म्हणजे ते कायम दाबलेलंच राहतं. मग एका हाताने बटण दाबायचं आणि दुसऱ्या हाताने पत्रा सरकवायचा. आमच्या प्रेस शॉपला सगळेच तसं करायचे. सकाळी फोरमन डब्यातून पट्ट्या वाटायचा आणि इन्स्पेक्टर येणार असं कळलं की गोळा करून न्यायचा.

त्या पट्ट्या कोण कापायचं? मी. फोरमन जुनी ट्यूब आणून टेबलावर टाकायचा, मॅडम, तुमची कात्री चांगली हाय म्हणायचा, आणि मी गप्पा मारता मारता बोटभर रुंदीच्या पट्ट्या कापून द्यायचे. कशासाठी ते मला पक्कं माहीत होतं. टार्गेट झालं की ऑफिसलाही बोनस मिळायचा.

सोमनाथ कर्जत तालुक्यातला. ठेकेदाराकडून आलेला, तिशी ओलांडलेला, दहावी पास. बोलायला मोजका. पहिल्या पाळीला सकाळी नऊच्या सुमाराला प्रेस शॉपमधून ओरडा आला. त्याच्या उजव्या हाताची चार बोटं गेली. फक्त अंगठा राहिला.

जीप गेली आणि आमच्या मॅनेजरसाहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. हे साहेब वाईट माणूस नव्हते, हे मला इथे सांगितलंच पाहिजे. त्यांचा आवाज कापत होता. ते म्हणाले, मंगलताई, नेहमीचा जबाब घ्या आणि त्यात एक ओळ जास्त घाला: सेफ्टीचे बटण मी स्वतःहून, कुणासही न सांगता बांधून ठेवले होते. मी खाली येऊन लिहिलं. कुठली बोटं तेवढी जागा रिकामी सोडली, कारण ते अजून कळलं नव्हतं.

दुपारी दवाखान्यात गेले. त्याला ऑपरेशनमधून नुकतंच बाहेर आणलेलं, डोळे अर्धवट उघडे. मला ओळखलं त्याने. पुसट आवाजात म्हणाला, "मॅडम, बोटं बसवत्यात का वो परत?"

बोटं बसणार नव्हती. डॉक्टरांनी मला बाहेरच सांगितलं होतं. मी म्हटलं, "बसवतील की. आधी इथे अंगठा द्या." आणि त्याचा डावा अंगठा धरून पॅडवर आणि मग कागदावर दाबला. रिकाम्या जागेत जिन्यावर उभी राहून बोटांची नावं भरली. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात नीच काम मी त्या दिवशी केलं, आणि अक्षर नेहमीसारखंच छान आलं होतं.

पुढे व्हायचं तेच झालं. ठेकेदाराने त्याचं नाव ईएसआयला, म्हणजे सरकारी कामगार विम्याला, लावलंच नव्हतं, त्यामुळे तिकडून काही मिळायची वाट बंद. दवाखान्याचं बिल कंपनीने भरलं आणि विषय संपला. दोन महिन्यांनी सोमनाथची बायको सुरेखा गेटवर आली. मीच तिला समजावलं की जबाबात त्याने चूक कबूल केलीय, आता भरपाई मिळत नसते. हे मी तिला फसवायला बोलले नाही. मला खरंच तसं वाटत होतं. इतकी वर्षं तेच लिहीत होते ना, लिहून लिहून माझाच त्यावर विश्वास बसला होता. पण घरी न जाता ती थेट नगरला लेबर कोर्टाबाहेर बसणाऱ्या नानांकडे गेली.

हे नाना म्हणजे कामगार चळवळीतला जुना माणूस. स्वतः गिरणीत अंगठा गमावलेला. चहाच्या टपरीच्या बाकड्यावर बसून लोकांचे अर्ज बघायचे आणि योग्य वकिलाकडे पाठवायचे. त्यांनी सुरेखाला वकील गाठून दिला आणि दावा लागला. कंपनीने उत्तरात मी लिहिलेला जबाब जोडला. तारखांवर तारखा पडत गेल्या. त्यातच मी निवृत्त झाले, शाल आणि नारळ घेऊन घरी आले. चार महिन्यांनी कंपनीचा निरोप आला: जबाब तुमच्यासमोर दिला गेला, एवढं कोर्टात सांगायला या.

साहेबांनी मला चहाला बोलावलं. धमकी नाही, काही नाही. "ताई, खोटं काही बोलू नका," ते म्हणाले. "अंगठा तुमच्यासमोर दिला, हे खरं आहे ना? तेवढंच सांगा."

खरं तर होतंच. पण मला झोप लागेना, जेवण जाईना. शेवटी एका सकाळी मी तोंड लपवत नानांच्या बाकड्यावर जाऊन बसले आणि विचारलं, माणसाने स्वतःची चूक कबूल केली असेल तर भरपाई जाते का? नानांनी माझ्याकडे नीट पाहिलं. मी कोण, हे त्यांना माहीत असावं. ते म्हणाले, "बाई, कायदा चूक विचारतच नाही. माणूस कामावर होता का, आणि कामामुळे लागलं का, एवढंच विचारतो. माणूस चुकतो म्हणून तर कायदा केला."

मग त्यांनी सावकाश समजावलं. ठेकेदाराचा माणूस असला तरी ज्याच्या कारखान्यात काम, त्याच्यावर जबाबदारी येते. तक्रार नाही, भरपाई नको, असं लिहून घेतलं तरी हक्क जात नाही. तसल्या कागदाला कायद्यापुढे किंमत नाही. दारू पिऊन कामावर असेल, किंवा संरक्षणाचं साधन त्याने स्वतः जाणूनबुजून निकामी केलं असेल, तर मात्र कंपनी हात वर करू शकते. म्हणजे माझ्या सगळ्या जबाबात एकच ओळ खरी धारदार होती. साहेबांनी सांगितलेली ती जास्तीची.

मी विचारलं, मग बाकीच्या जबाबांचा उपयोग काय होता? नाना म्हणाले, उपयोग हाच की माणूस कोर्टापर्यंत येतच नाही, घरी बसून स्वतःलाच दोष देत राहतो. माझ्या डोळ्यांसमोर तो वेल्डर आला, ट्रॉलीवाला आला, आणखी कितीतरी आले. त्यांच्या सह्या मला पाठ होत्या.

उठताना नानांनी सहज विचारलं, तुम्ही तिथे नोकरीला कशा लागलात? हे मी कुणाला फारसं सांगत नाही, पण आता लिहायला बसलेच आहे. माझे मिस्टर त्याच कंपनीत ठेकेदाराकडे फॅब्रिकेशनला होते. शेडचा पत्रा दुरुस्त करायला वर चढले, पत्रा तुटला, खाली कोसळले ते गेलेच. तेराव्याच्या आत कंपनीचा माणूस घरी आला. मी एका कागदावर माझ्या हाताने लिहून दिलं की माझी काही तक्रार नाही. तो कागद बघून हेच साहेब म्हणाले होते, अक्षर फार सुरेख आहे, हिला टाइम ऑफिसला बसवा. मला वाटलं, केवढे उपकार. पुढची पंचवीस वर्षं दर दिवाळीला मी साहेबांच्या पाया पडले.

ते ऐकून नाना म्हणाले, "नोकरी वेगळी, बाई. तिथे तुम्ही काम केलंत. भरपाई वेगळी होती, ती तुम्हाला कुणी दिलीच नाही." मी विचारलं, आता? ते म्हणाले, आता फार उशीर झाला. कोर्टात काय बोलायचं ते मात्र मी तुम्हाला सांगणार नाही, तो तुमचा प्रश्न आहे. बसस्टँडपर्यंत चालत गेले तेव्हा मला साहेबांचा राग आला होता, पण त्याहून जास्त स्वतःचा. एवढी फटाकडी म्हणवणारी बाई, आणि एकदाही विचारलं नाही की हे मी काय लिहितेय.

कोर्टात सोमनाथ पहिल्या बाकावर होता, हातावर टॉवेल. सुरेखा शेजारी. मी कंपनीची साक्षीदार, त्यामुळे दोघांनी माझ्याकडे बघितलं नाही. कंपनीच्या वकिलांनी कागद दाखवला. अक्षर माझं, हो. अंगठा माझ्यासमोर दिला, हो. ते समाधानाने खाली बसले.

मग सोमनाथचे वकील उठले. त्यांनी एकच सरळ प्रश्न विचारला, "हा जबाब तुम्ही लिहिलात तेव्हा सोमनाथ कुठे होते?"

"ऑपरेशनच्या टेबलावर," मी म्हटलं.

"मग हे त्यांनी तुम्हाला सांगितलं कधी?"

"सांगितलंच नाही. मला वरून सांगितलं, मी लिहिलं. बटणाची ओळसुद्धा."

न्यायाधीशबाईंनी मान वर केली. बटण कोण बांधायचं, हा प्रश्न आला. मी सांगितलं, सगळेच बांधायचे, पट्ट्या फोरमन वाटायचा, आणि त्या मी कापून द्यायचे. कंपनीचे वकील उठले. कंपनीने दया दाखवून तुम्हाला नोकरी दिली ना, आणि आज तुम्ही उलटता? मी म्हटलं, साहेब, पंचवीस वर्षं काम केलं तेव्हा पगार घेतला, दया कुठली? मागच्या बाकावर आमचे मॅनेजरसाहेब होते. ते माझ्याकडे बघत नव्हते. त्यानंतर ते माझ्याशी कधी बोलले नाहीत, आणि याचं मला वाईट वाटतं, हेही खरं आहे.

निकाल सोमनाथच्या बाजूने लागला. भरपाई व्याजासह कोर्टात जमा झाली. त्या दिवशी मी मुद्दाम गेले होते. का गेले ते प्रामाणिकपणे सांगते: मला वाटलं होतं, ती दोघं माझे आभार मानतील. सोमनाथ मान हलवून पुढे गेला. सुरेखा थांबली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यामुळे जास्त लागलं.

"तुमी खरं बोललात म्हनून मिळालं," ती म्हणाली. "पर तवा खोटं लिवलं नसतं तर तीन वर्सं गेली नसती. मी कांदा निवडायला जायाची. ह्यांना घास भरवायला, बटनं लावायला घरी कुनीतरी पायजे. थोरलीनं नववीतनं शाळा सोडली. आता पैसा आला, तर म्हनती, बारक्या पोरींच्यात बसायची लाज वाटती."

घरी येऊन दोन दिवस तसेच काढले आणि तिसऱ्या दिवशी कर्जतची एसटी पकडली. शाळेत न बसता बाहेरून दहावीला बसता येतं, सतरा नंबरचा फॉर्म भरायचा, एवढं मला माहीत होतं. थोरलीचं नाव कोमल. आईसारखीच, बोलणं कमी आणि नजर धारदार. पहिल्या खेपेला ती आतल्या खोलीतून बाहेरच आली नाही. दुसऱ्या खेपेला चहा आणून दिला. तिसऱ्या खेपेला म्हणाली, चला, बघू तरी. सोमनाथने डाव्या हाताने तिचा जुना दाखला पेटीतून काढून दिला. माझ्याशी तो अजून मोजकंच बोलतो, आणि मी तक्रार करत नाही.

फॉर्म मोबाईलवर भरला. मग कागद घेऊन आम्ही दोघी तालुक्याच्या शाळेत गेलो. तिथल्या बाई म्हणाल्या, सोबत एक अर्ज जोडा, शाळा का सुटली ते लिहून. मी पर्समधून पेन काढलं. हात आपोआप चालायला लागला. 'घरगुती अडचणीमुळे माझे शिक्षण खंडित झाले' असं झोकात लिहून टाकलं. असंच लिहितात सगळे. कोमल माझ्या खांद्यावरून वाचत होती.

"घरगुती न्हाई," ती म्हणाली.

तिने माझ्या हातातून पेन घेतलं, माझ्या ओळीवर काट मारली आणि खाली लिहिलं: 'माझ्या वडिलांची बोटे कंपनीत मशीनखाली गेली. भरपाई तीन वर्षे मिळाली नाही. म्हणून मी शाळा सोडली.' अक्षर किरटं, ओळी वर चढलेल्या. शाळेतल्या बाईंनी कागद हातात घेतला, चष्म्यावरून आम्हा दोघींकडे बघितलं आणि म्हणाल्या, खाडाखोड चालत नाही, दुसऱ्या कागदावर नीट लिहून आणा, या मॅडमचं अक्षर चांगलं दिसतंय, त्यांना लिहू द्या. मी हात पुढे केला नाही. कोमलने वहीतला एक कोरा कागद फाडला, बाकावर टेकवला आणि तीच तीन वाक्यं पुन्हा स्वतःच्या हाताने लिहिली, एकही शब्द न बदलता.